बिघडलं नाही, मुद्दाम आहे

धडधाकट चालणाऱ्या यंत्राचा ज्याला मनापासून कंटाळा येतो असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या पोटी जन्माला आला. नेमका अशासाठी म्हणतो, की माझं अकोल्याला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांच्या बिघडलेल्या मोटारी सुधारून मी पोट भरतो, आणि हा अमरावतीहून एसटीनं येतो, दुकानाच्या कोपऱ्यात पडलेल्या एकेका मोटारीला कान लावतो आणि एखादीची बेअरिंग भयंकर खडखडत असली की डोळे मिटून म्हणतो, "दादा, हिले हात लावू नको. लय सुंदर बिघडली हाय." आता मी गिऱ्हाइकाला काय सांगू? की बाबा, तुझ्या शेतात पाणी नाही हे खरं, पण माझ्या भावाला तुझ्या मोटारीचा आवाज आवडला? एकदा एका पाटलांनी हा प्रकार स्वतःच पाहिला. टेबलावर त्यांची मोटार, तिच्या पोटाशी फडक्यात गुंडाळलेला मायक्रोफोन, आणि शेजारी हा, तान्ह्या लेकराचा ताप पाहावा तसा तिच्यावर हात ठेवून बसलेला. पाटलांनी मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "डॉक्टर हायत का हे?"

तो डॉक्टर नाही. तो इलेक्ट्रॉनिक म्युझिक प्रोड्युसर आहे, आणि त्यातही एक्सपेरिमेंटल. हे आमच्या नातेवाइकांना समजावून सांगता सांगता आमच्या घराण्याची निम्मी शक्ती खर्च झाली. मामानं सरळ "कम्प्युटरमंदी हाय" असं सांगायला सुरुवात केली, तर लोक आपापले बंद पडलेले कम्प्युटर घेऊन मावशीच्या दारात उभे राहायला लागले. उरलेल्यांनी त्याला डीजे ठरवलं. शेंदूरजनाघाटला आमचे एक लांबचे नातेवाईक आहेत, संत्र्याचे व्यापारी. घरचाच डीजे असताना बाहेरचा कशाला, म्हणून त्यांनी मुलाच्या वरातीला यालाच बोलावलं. मी त्याला बजावलं, की लेका जाऊ नकोस. तर म्हणतो, "बलावलं त्याइनं, मंग जा लागन ना!" गेला. वरात निघाली, घोडा सजला, बायका फेर धरायला उभ्या राहिल्या आणि यानं आपलं संगीत लावलं. त्याच्या संगीतात आधी बराच वेळ काहीच नसतं. मग पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरल्यासारखा एक आवाज येतो. मग परत काहीच नसतं, पण आता ते आधीपेक्षा भीतिदायक असतं. घोडा जागच्या जागी थांबला आणि नवरदेवाला पाठीवर घेऊन शांतपणे उलट्या दिशेला, जिकडून आला तिकडं चालायला लागला. नवरदेवाचा बाप धावत आला. "बिघडलं का बाप्पा?"

"बिघडलं नाई," हा म्हणाला, "मुद्दाम हाय."

हे वाक्य तो आयुष्यात इतक्या लोकांना इतक्या वेळा म्हणाला आहे, की ते त्याच्या घराच्या दारावर पाटी करून लावलं तरी चालेल. शेवटी घाईघाईनं ढोल-ताशेवाली धुमाल पार्टी बोलावली, तेव्हा वरात मांडवापर्यंत पोचली. दुसरा कोणी असता तर अपमानानं काळाठिक्कर पडला असता. हा त्या धुमालवाल्यांच्या मागं मागं मायक्रोफोन धरून हिंडत होता. मला वाटलं, चला, ताल तरी आवडला. तर परत आल्यावर म्हणतो कसा, "जनरेटर लय चांगला व्हता त्यांचा." दुसऱ्या दिवशी त्याच व्यापाऱ्यांकडं संत्री निवडायच्या यंत्राखाली तासभर आडवा पडून होता. अंगावर रस गळत होता, पण तो आवाज काही त्यानं कुठं वापरला नाही. मी कारण विचारलं, तर तोंड वाकडं करून म्हणाला, "गोड हाय."

आवाजाच्या शोधात हा माणूस कुठं जाईल याचा नेम नाही. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्याच्या भिंतीला कान लावून उभा होता, तर वॉचमननं चोर म्हणून धरला. चोर नाही हे पटायला वेळ लागला, आणि पटल्यावर वेडा नाही हे पटायला त्याहून जास्त. धारणीच्या एसटीतला किस्सा तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, कारण दुर्दैवानं मी शेजारी होतो. मेळघाटातला रस्ता, थंडीचे दिवस, आणि आमच्या पुढच्या खिडकीची काच अशी थडथडत होती की दातांची कवळी असती तर पडली असती. तिथं बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी शहाण्या माणसासारखी वर्तमानपत्राची घडी केली आणि फटीत खोचली. काच गप्प झाली. हा उठला, घडी काढली, बाबांच्या हातात अदबीनं परत दिली. बाबांनी पुन्हा खोचली. यानं पुन्हा काढली. अखेर यानं स्वतःचं स्वेटर काढून बाबांना घातलं, मफलर त्यांच्या कानाला गुंडाळला आणि काच थडथडू देण्याची परवानगी मिळवली. धारणी येईपर्यंत हा बनियन-शर्टावर कुडकुडत, हातात मायक्रोफोन धरून, चेहऱ्यावर असं समाधान घेऊन बसला होता की मला रागवायचंच सुचेना. नंतर आठवडाभर मावशी त्याला काढा पाजत होती.

अमरावतीत बायपासकडच्या एका कॉलनीत त्याचं घर आहे. आतल्या खोलीत भिंतभर अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मावशी शनिवार पाळणारी, मारोतीची भक्त, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. आणि हा हॉटेलाहॉटेलांतून अंड्यांचे ट्रे मागून, सायकलला बांधून भर दुपारी कॉलनीतून आणायचा. शेजारणींनी मावशीला हळदीकुंकवाला बोलावणं जवळजवळ बंद केलं होतं. तिनं एकदा त्या खोलीत सगळ्यांना नेऊन भिंती दाखवल्या, तेव्हा कुठं गैरसमज मिटला. म्हणजे अंड्यांचा मिटला. पोरगा ठीक आहे की नाही याबद्दलचा वाढला.

पण या सगळ्यापेक्षा त्याचा मोठा दोष सांगायचा राहिलाच. त्याला खोटं बोलता येत नाही. येत नाही म्हणजे तत्त्व वगैरे काही नाही, ते यंत्रच त्याच्यात बसवलेलं नाही. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी हौसेनं म्हटलं, की गाण्याचं काम करता म्हणे, एखादं ऐकवा की. मी टेबलाखालून याचा पाय दाबला. यानं ऐकवलं. वडील बराच वेळ कान देऊन बसले आणि म्हणाले, "याच्यात गाणं कुठं हाय?"

"नाई हाय."

"मंग लोकाइले आवडते का हे?"

"नाई. उठून जातात."

मी चपला शोधायला लागलो होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून खो खो हसण्याचा आवाज आला. मुलगी शाळेत गणित शिकवायची. तिनं वडिलांना सांगितलं म्हणे, हा माणूस खोटं बोलत नाही, बाकीचं मी पाहून घेईन. आणि खरोखरच बाकीचं सगळं तिनंच पाहिलं.

लोक उठून जातात हे त्यानं विनयानं सांगितलं नव्हतं, ती वस्तुस्थिती होती. अमरावतीतल्या एका सभागृहात त्याचा कार्यक्रम झाला तेव्हा सुरुवातीला बऱ्यापैकी गर्दी होती, कारण फलकावर नुसतं 'संगीत संध्या' असं लिहिलं होतं. नंतर एकेक खुर्ची रिकामी होत गेली. शेवटी उरलो मी, त्याची बायको आणि कुलूप लावायला थांबलेले गृहस्थ. मीसुद्धा घरी त्याची एक लांबलचक रचना ऐकायला बसलो आणि मध्येच उठून भजी खाऊन आलो. त्यानं विचारलं, पूर्ण ऐकलं का? मी म्हटलं, हो तर! "मंग शेवटी काय होते?" मी अंदाजानं म्हटलं, "आवाज वाढते." तो हसला. "शेवटी पावशेर शांतता हाय, दादा. भज्याचा वास येऊन राहिला तुया हाताले." तेव्हापासून मी त्याच्यापुढं ऐकल्याची बढाई मारत नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. पुण्याच्या चांगल्या कंपनीतली नोकरी सोडून हा बॅग आणि तारांचं गाठोडं घेऊन घरी आला, तेव्हा मावशीनं आधी त्याला जेवू घातलं. मग तिनं आपल्या माहेरच्या गावचा मारोती गाठला. हात जोडून म्हणाली, "मारोतीराया, पोरगं मार्गी लागू दे. अख्ख्या गावाले रोडग्याची पंगत देतो. आन तवर वांगं तोंडात घालत नाई." आमच्याकडं बायकाही 'देतो'च म्हणतात ते सोडा, पण वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. त्याला वाटेल, वांगंच तर सोडलं, बदाम तर नाही ना! बाबा रे, रोडगे म्हणजे जाड कणकेचे पदर घातलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकायची, फोडायचे, वर तूप सोडायचं, आणि त्यासोबत लागतं घट्ट वरण आणि ती वांग्याची भाजी. वांग्याच्या भाजीशिवाय आमच्याकडं पंगत म्हणजे पंगतच नाही. लग्न असो, तेरवी असो, पुढारी येवो की जावई येवो, वांगं असतंच. आणि त्या भाजीत मावशीचा हात धरणारं आमच्या सगळ्या नात्यागोत्यात कोणी नाही. ती भाजी ती नंतरही करत राहिली. घरच्यांसाठी, पाहुण्यांसाठी, माझ्यासाठी तर खासच. फक्त मीठ पाहायला सुनेला हाक मारायची, आणि आम्ही बोटं चाटत असताना आपण कोरड्या वरणाशी पोळी खायची.

आणि गंमत अशी, की मार्गी लागणं म्हणजे काय, हे कोण ठरवणार? इंजिनिअर नोकरीला लागला की मार्गी लागतो. वकिलाला अशील मिळाले की तो लागतो. पण मोटारीच्या खडखडाटातून संगीत काढणारा माणूस मार्गी लागला, हे ओळखायचं कशावरून? मावशीनं त्यावर आपला साधा तोडगा काढला होता. "माया पोरगा खोटं बोलत नाई. तो ज्या दिवशी म्हणन का लागलो मार्गी, त्या दिवशी लागला." झालं! म्हणजे मावशीचं वांगं याच्या जिभेवर येऊन अडकलं. आम्ही सगळे त्याच्या मागं लागलो. मामा तर हात जोडायचा. "अबे, म्हणायले काय जाते तुयं? एक शब्द म्हण आन मोकळी कर बुढीले!" हा खाली मान घालून बसायचा. "लागलो असतो त म्हटलं असतं ना, मामा."

मग ती जर्मनीची बातमी आली. याची एक रचना तिकडच्या कुठल्याशा संग्रहालयात वाजवणार आहेत, असं त्याच्या बायकोनं सहज फोनवर मामाला सांगितलं. मामा म्हणजे पेटलेली गोवरी, फुंकरीचीही गरज नाही. त्यानं यालाही विचारलं नाही आणि मावशीलाही नाही. थेट कणीक दळून आणली, वांग्यांची पोती उतरवली, मारोतीच्या पारासमोर खड्डे करून आर पेटवला आणि गावभर सांगून टाकलं, की आपला भाचा जर्मनीत वाजून राहिला. मी दुकान बंद करून मोटारसायकलवर गेलो. रोडग्यांचा खरपूस वास शिवेपर्यंत येत होता. पंगत बसली. मावशीला पाटावर बसवलं, पुढं पत्रावळ, पत्रावळीवर तुपात न्हालेला रोडगा आणि भरपूर रस्सा घातलेलं वांगं. मी तिचा चेहरा पाहत होतो. ती त्या वांग्याकडं, परगावी दिलेल्या लेकीकडं पाहावं तशी पाहत होती. हा पठ्ठ्या तिकडं आराजवळ मायक्रोफोन धरून उकिडवा बसलेला. मावशीनं हाक मारली. "इकडं ये रे. मामा म्हणते ते खरं काय? लागलं का तुयं मार्गी?"

सगळी पंगत हात थांबवून ऐकायला लागली. तो आला, आईसमोर बसला. "आई, जर्मनीत वाजून राहिलं हे खरं हाय. पण कुठं वाजून राहिलं?"

"कुठं?"

"जिन्याखाली."

आमच्याकडं जिन्याखाली कांदे ठेवतात, नाहीतर स्प्रिंकलरचे पाइप. पंगतीत कुजबूज सुरू झाली. मावशीनं धीर धरून विचारलं, "मंग तिथं ऐकाले कोण हाय?"

"झाडणारी एक बाई हाय म्हणतात. तिनं तक्रार केली."

मावशीनं पत्रावळीवरचं वांगं दोन बोटांनी अलगद कडेला सरकवलं, आणि वरणाशी रोडगा खायला लागली. वर बाकीच्यांना आग्रह करत राहिली. मला त्या क्षणी माझ्या भावाचा इतका संताप आला, की त्याला त्याच्या मायक्रोफोनसकट त्या आरात ढकलावंसं वाटलं. अरे, मारोतीला काय जर्मनीचा नकाशा माहीत होता? जिना होता की दिवाणखाना, कोण बघायला जाणार होतं? परतताना मी त्याला नको नको ते बोललो. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "दादा, तिनं वांगं खाल्लं असतं. पण ते मायं खोटं बोलणं खाल्लं असतं ना तिनं." मी गाडी जोरात हाणली.

त्यानंतर हा विषय घरात कोणी काढायचं नाही असं झालं. तो आपल्या खोलीत आवाज जमवत राहिला, मावशी वरणाशी पोळी खात राहिली. तिचं वय दिसायला लागलं होतं. आणि मग तिच्या कानात तो किडा शिरला. खरा नव्हे. एके दिवशी बसल्या बसल्या तिच्या कानात रातकिड्यासारखं किर्रर्र सुरू झालं आणि ते थांबेचना. दिवसा, रात्री, देवळात, स्वयंपाकघरात, किर्रर्र. आम्ही अमरावतीच्या डॉक्टरांना दाखवलं, मी अकोल्याला आणून दाखवलं. सगळे म्हणाले, वय झालं, कानाची नस थकली, याला विशेष औषध नाही, सवय करा. सवय कशी करणार? ती झोपेना, चिडचिड करायला लागली. जी बाई घरभर बोलत हिंडायची ती हातांनी कान दाबून कोपऱ्यात बसायला लागली. एकदा मला म्हणाली, "काहून रे बाप्पा, देवानं मायाच कानात ठेवला का हा? मले शांतपणे बसू बी देत नाई." तिच्या तोंडून तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आणि इथं, इतकी वर्षं आम्ही ज्याला कुचकामी समजत होतो, त्या माणसानं एक असा प्रश्न विचारला जो एकाही डॉक्टरनं विचारला नव्हता. आईसमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आई, किडा कोणत्या आवाजात वरडते?"

मावशीला आधी वाटलं, चेष्टा करतो आहे. पण तो तारा, पेट्या, कानाला लावायचं सगळं घेऊन आला. तिच्या कानाला ते मोठे हेडफोन लावले आणि डोळ्यांचे डॉक्टर काचा बदलून विचारतात ना, तसं सुरू केलं. हे याच्यापेक्षा वर का खाली? हे बारीक का जाड? मावशी हात वर-खाली करून सांगायची. "अजून वर. अजून. नाई नाई, आता पुढं गेला, मांगं ये." कितीतरी दुपारी त्या मायलेकांच्या यातच गेल्या. मी एकदा अचानक गेलो तर अंड्यांच्या ट्रेच्या खोलीत दोघं भांडत होते. "मी सांगून राहिलो ना, माया किडा इतका गोड नाई!" मावशी कडाडत होती, आणि हा खूश होऊन मान डोलावत होता. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला म्हणालं होतं, की हे गोड झालं, जरा बिघडव.

किडा सापडल्यावर त्यानं त्याच्याभोवती आपलं सगळं भांडार रिकामं केलं. नांदगाव पेठेचे माग त्यात घातले. धारणीच्या एसटीची काच घातली, शेंदूरजनाघाटच्या वरातीतला जनरेटर घातला, माझ्या दुकानातली ती पाटलांची बेअरिंग घातली. सगळं बारीक करून, चाळून, एकमेकांत मुरवून. आणि एका दुपारी मावशीच्या कानाला लावलं. त्याची बायको सांगते, मावशी आधी ताठ बसली होती. मग तिचे खांदे हळूहळू खाली आले. मग तिनं इकडं तिकडं पाहिलं, जणू घरातून कोणी उठून गेलं की काय. "मेला का रे किडा?"

"मेला नाई, आई," हा म्हणाला. "गर्दीत हरवला."

त्या दुपारी मावशी बसल्या जागी झोपली. तिला कोणी उठवलं नाही. जेवायची वेळ टळली तरी नाही. तिच्या उशाशी तिचा मुलगा आपल्याच संगीतात झोपलेल्या माणसाकडं पाहत बसला होता. एरवी कार्यक्रमात कोणाला डुलकी लागली तर याचा चेहरा पडायचा.

या वेळी मामाला सांगायला मावशीनंच फोन केला. रोडगे कर, म्हणाली. मामा पोळलेला होता. त्यानं वांगी थोडीच आणली. पण गाव सगळं जमलं, कारण मागच्या पंगतीची गोष्ट अजून लोक सांगत होते आणि यंदा काय होतं ते कोणालाच चुकवायचं नव्हतं. मी मावशीच्या शेजारीच पान धरलं. पुन्हा तोच पार, तोच आर, तशीच पत्रावळ. मामा उभा राहिला, घसा साफ केला आणि या वेळी काही जाहीर न करता सरळ भाच्याकडं वळला. "हे पाह्य, मारोती समोर हाय. आता तूच सांग. ऐकते का तुयं कोणी?"

"ऐकते," तो म्हणाला.

"किती जण?"

"एक जण."

मामानं कपाळाला हात लावला. पंगतीत कोणीतरी हसलं. हा तसाच उभा. आईकडं पाहिलं, मग सगळ्यांकडं, आणि म्हणाला, "पण उठून जात नाई." मग त्याचा आवाज जरा फाटला, आणि त्या दिवशी तरी तो मुद्दाम नव्हता. "मी लागलो मार्गी, मामा. आई, वांगं खा."

मामा तर सरळ पंच्याला नाक पुसायला लागला. मावशीनं वांग्याचा तुकडा तोडला, रोडग्यासोबत तोंडात घातला, सावकाश चावला. अख्खी पंगत तिच्या जबड्याकडं पाहत होती. तिनं गिळलं आणि म्हणाली, "पहिल्यासारखी चव नाई राहिली आता वांग्याइले." आणि पत्रावळ पुढं करून पुन्हा वाढून घेतली.

तिचं आता बरंच वय झालं आहे. घरातल्या घरात हिंडते, दुपारचं जेवण झालं की त्या मोठ्या हेडफोनमध्ये डोकं घालून पडते. याचं बाकीचं काम तसंच चालू आहे. कुठं परदेशात काही वाजतं, इथं लोक उठून जातात. पण ही रचना त्यानं कोणालाच दिली नाही, कुठं टाकली नाही. मागच्या महिन्यात अमरावतीला गेलो होतो, तेव्हा मी म्हटलं, मला ऐकव की रे एकदा, माझीच बेअरिंग आहे त्यात. तो हसला. "तुया कानात किडा हाय का, दादा? मंग तुले नाई समजणार." त्याचं काही मला आयुष्यभर समजलं नव्हतं, पण या वेळी का ते पटलं. मी तरी चिकाटी सोडली नाही. म्हटलं, बरं, ऐकवू नको, निदान सांग. हिच्या शेवटी काय होते?

त्यानं आत पाहिलं. आतल्या खोलीत मावशी झोपली होती, दार अर्धं उघडं होतं.

"हिले शेवट नाई ठेवला," तो म्हणाला. "फिरून फिरून येते. ती जवर ऐकन तवर चालन." आणि मग वायरीचा एक गुंता उगाचच सोडवत बसला. "शेवट कराले बसलो व्हतो एक-दोनदा. नाई झाला माह्यानं."

मी गुंत्याचं दुसरं टोक धरलं. थोड्या वेळानं आतून मावशीची हाक आली. हेडफोन उतरवल्यावर तिला मी आल्याचं कळलं होतं. आवाज म्हातारा, पण झोप झाल्यामुळे खणखणीत. विचारत होती, की पोरा, राहून राहिला का आज, का जातोच म्हणतो? राहत असशील तर वांगे आणाले सांगतो.